पंखा बंद केला की ती वीज कुठे जाते?

पाटण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी दोन प्रश्न पाठवले आहेत. पहिला त्यांच्या आठवीतल्या एका मुलीचा: "सर, आपण पंखा बंद केला की त्याच्यासाठी आलेली वीज कुठे जाते? परत जाते का?" दुसरा त्यांचा स्वतःचा, जरा रागातला: "कोयना धरण आमच्या उशाला. साऱ्या महाराष्ट्राला उजेड इथून जातो, मग पावसाळ्यात आमच्याच गावात दोन-दोन दिवस लाइट का नसते?"

सर, आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. एकतीस वर्षं मी या धंद्यात काढली. पहिली दहा २२० केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) एका सबस्टेशनात, उरलेली लोड डिस्पॅचच्या, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती जुळवणाऱ्या, कंट्रोल रूममध्ये. पदवी घेऊन नव्याने आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी जवळपास हाच प्रश्न विचारायचो आणि बरेच जण 'तारेत शिल्लक राहते' असं काहीतरी म्हणायचे. दोष त्यांचा नाही, आपल्या बोलण्याचा आहे. लाइट आली, लाइट गेली, वीज चोरली, वीज वाया गेली. जणू नळाचं पाणीच. पाण्याची उपमा शाळेत काही वर्षं चालते, पुढे ती दगा देते. नळ बंद केला तर पाणी पाइपात थांबून राहतं. तारेत मात्र असं काही थांबून राहत नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. पंखा बंद केला की ती वीज कुठेही जात नाही, कारण ती तयारच होत नाही.

यावर वर्गाचा विश्वास बसणार नाही. गावात कुणाच्या तरी माळ्यावर जुन्या सायकलचा डायनॅमो पडलेला असेल, तो शोधा. सायकल स्टँडवर उभी करा आणि त्या मुलीलाच पायडल मारायला बसवा. दिवा जोडलेला नसताना पायडल हलकं जातं. दिवा जोडला की जड होतं. मध्येच वायर काढली की पाय एकदम सुटल्यासारखा होतो. आता तिला विचारा, वायर काढली तेव्हा वीज तुझ्या पायात परत आली का? नाही. पायाला जोर लावायची गरज उरली नाही, एवढंच. दिवा लागतो तेव्हा डायनॅमोच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते फिरण्याला विरोध करतं. पुस्तकात याला लेंझचा नियम म्हणतात. मी त्याला विजेचा रोखठोक व्यवहार म्हणतो: जेवढी घ्याल तेवढा जोर त्याच क्षणी मोजा. उधारी नाही.

मुलं पुढे हमखास विचारतात, मग कोयनेतून आमच्या घरापर्यंत नेमकं काय येतं? इलेक्ट्रॉन येत नाहीत. घरच्या तारेत इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरचाही नसतो, आणि आपली वीज तर एसी, म्हणजे ते सेकंदाला पन्नास वेळा जागच्या जागी पुढेमागे डुलतात. तुमच्या पंख्यातले इलेक्ट्रॉन पंखा घेतला तेव्हापासून पंख्यातच आहेत. येतो तो धक्का. स्टेशनात शंटिंग बघितलंय ना? इंजिन एका टोकाला टेकतं आणि धक्का डब्याडब्यातून शेवटच्या डब्यापर्यंत जातो. इंजिनाजवळचा डबा काही तिथे जाऊन पोहोचत नाही. विजेचा हा धक्का जवळपास प्रकाशाच्या वेगाने जातो, म्हणून चारशे किलोमीटरवरचा दिवा बटण दाबताच लागतो.

एक हिशेब फळ्यावर जरूर करून दाखवा. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास. पंचाहत्तर वॅटचा पंखा एका युनिटात साधारण तेरा तास चालतो. आता कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की त्यात सुमारे १.३ युनिट ऊर्जा असते. टर्बाइन, जनित्र आणि बोगद्यातलं घर्षण आपापला वाटा घेतात, हातात एक युनिटाच्या थोडं वर राहतं. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात ओतायची, तेव्हा एक पंखा रात्रभर आणि वर थोडा वेळ फिरतो. हा आकडा ऐकला की मुलं स्वतः उठून पंखे बंद करतात, हा माझा अनुभव.

आता डायनॅमो सोडून मोठ्या यंत्रणेकडे येऊ. इथे मला जात्याची उपमा आवडते. तुमच्या मुलांच्या आज्या-पणज्यांनी जातं ओढलेलं असेल. एकाच खुंट्याला दोघी-तिघींचे हात, जात्याच्या तोंडात धान्याची मूठ पडतेय, दगड एका लयीत फिरतोय. मूठ मोठी पडली की दगड जड होतो, लय मंदावते, आणि कुणी काही न बोलता हातांचा जोर वाढतो. मूठ पडलीच नाही की दगड मोकळा होऊन जोरात फिरू लागतो आणि हात सैल करावे लागतात. ग्रीड, म्हणजे सगळी वीजकेंद्रं आणि घरं जोडणारं तारांचं जाळं, हे असंच एक अवाढव्य जातं. हात म्हणजे चंद्रपूर, कोराडी, कोयना, तारापूर, गुजरातची, छत्तीसगडची केंद्रं. मूठ म्हणजे तुमचा पंखा, शेजारच्याचा पंप, पुण्यातला कारखाना, मुंबईची लोकल. आणि लय म्हणजे फ्रिक्वेन्सी.

ही लय आपल्याकडे ५० हर्ट्झ आहे. औष्णिक केंद्रातलं मोठं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला पन्नास. पाण्यावरची यंत्रं सावकाश फिरतात, पण त्यांना चुंबकाच्या जोड्या जास्त असतात, त्यामुळे बाहेर पडणारा ठेका तोच. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाच्या लयीत आलं. त्याआधी दक्षिणेशी आपली देवाणघेवाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी एसीचं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) आणि डीसीचं परत एसी करून चालायची. वीज पलीकडे जायची, पण ठेका दोघांचा वेगवेगळा. आज पाटणच्या प्लगमधली फ्रिक्वेन्सी आणि गुवाहाटीच्या प्लगमधली फ्रिक्वेन्सी एकच असते. एकच जातं, एकच लय.

नियमानुसार ही लय ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. तुम्हाला वाटेल एवढ्याशा फरकाने काय होणार. लय घसरली याचा अर्थ देशात त्या क्षणी मागणीपेक्षा जोर कमी पडतोय, आणि घसरणं सुरू झालं की ते आपोआप थांबतंच असं नाही. वाफेच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली लांब पाती ठरलेल्या वेगासाठी बनवलेली असतात. फार खालच्या वेगाला ती थरथरून तुटायची भीती असते, म्हणून फ्रिक्वेन्सी फार खाली गेली की संच, म्हणजे टर्बाइन आणि जनित्राची जोडी, स्वतःला वाचवायला ग्रीडमधून बाहेर पडतो. तो बाहेर पडला की उरलेल्या हातांवर भार वाढतो, लय आणखी घसरते, पुढचा संच पडतो. पत्त्यांचा बंगला. ते टाळायला ४९.४ हर्ट्झपासून खाली टप्प्याटप्प्याने रिले, म्हणजे आपोआप चालणारे पहारेकरी स्विच, बसवलेले असतात, ते माणसाला न विचारता फीडर, म्हणजे गावांकडे वीज नेणाऱ्या लाइनी, तोडतात. पाच गावं अंधारात घालून पन्नास वाचवायची, असा तो सरळ व्यवहार. भर उन्हाळ्यात अचानक दहा मिनिटं लाइट जाऊन परत आली तर प्रत्येक वेळी ती वायरमनची चूक नसते, एवढं सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकात आमच्या कंट्रोल रूममध्ये संध्याकाळची फ्रिक्वेन्सी ४८ च्या घरात असणं हे रोजचं झालं होतं आणि रात्री कारखाने थंडावले की ती ५१ कडे उडायची. पंखे मंद फिरायचे, विजेवर चालणारी भिंतीवरची घड्याळं मागे पडायची. कुणीच ऐकायचं नाही. प्रत्येक राज्य जमेल तेवढी ओढायचं. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात नवी दरपद्धत आली: फ्रिक्वेन्सी खाली असताना ठरल्यापेक्षा जास्त ओढलीत तर महाग मोजा, वर असताना ओढलीत तर स्वस्त मिळेल. त्यानंतरच्या काही महिन्यांत पडद्यावरची रेष जी सुधारली, तशी सुधारणा इतक्या वर्षांच्या विनंतीपत्रांनी आणि तंबीच्या फोनांनी झाली नव्हती. हात खिशात गेल्याशिवाय शिस्त येत नाही, हे मी तिथे शिकलो.

जातं नेमकं ओढायचं कसं? तीन पदर आहेत. पहिला, दगडाचं स्वतःचं वजन. शेकडो टनांचे रोटर फिरत असतात, मूठ अचानक मोठी पडली तरी ते लगेच थांबत नाहीत, पहिले काही सेकंद त्या वजनावर निभावतात. दुसरा, गव्हर्नर. वेग घसरताच टर्बाइनची झडप उघडते, जास्त वाफ किंवा जास्त पाणी आत येतं. तिसरे आम्ही, कंट्रोल रूममधली माणसं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येक तुकड्यासाठी आदल्या दिवशी अंदाज बांधलेला: किती मागणी, कोण किती देणार. मग दिवसभर अंदाज आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर भरत बसायचं. पाऊस पडला की शेतीपंप थांबतात आणि काही हजार मेगावॅट मागणी बसल्या बसल्या कमी होते. पुण्याच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते आणि दुसरीकडे दुसऱ्या वारी. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी चालू होऊ नयेत म्हणून मागणी वाटून द्यायची ही जुनी रीत. तिला स्टॅगरिंग म्हणतात. सुट्टीचा वार लोकांना पाठ आहे, त्याचं कारण बहुतेक विसरले.

आणि इथे तुमची कोयना येते. कोळशाचा थंड संच पेटवून पूर्ण भारावर आणायला बरेच तास जातात, चालू संचही हळूहळूच वर-खाली होतो. पाण्याचा संच काही मिनिटांत शून्यापासून पूर्ण भारावर येतो. त्यामुळे चंद्रपूर रात्रंदिवस सावकाश ओढणारा हात आणि कोयना मूठ मोठी पडली की धावून येणारा. एकूण क्षमता १,९६० मेगावॅट, त्यातला चौथा टप्पा एकटा १,००० चा. पण पाणी मोजकं. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घालून दिली आहे. चौथ्या टप्प्याचे चारही संच रात्रंदिवस पूर्ण चालवले तर ढोबळ हिशेबाने तीन महिन्यांतच हा सगळा वाटा संपेल. म्हणून कोयना संध्याकाळच्या गर्दीसाठी आणि अडीनडीसाठी राखून वापरतात.

या वेगाची किंमत देशाला एकदा स्पष्ट दिसली. ५ एप्रिल २०२०, लॉकडाऊन चालू, रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करायचं आवाहन. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण पोटात गोळा आला. लोक विचारत होते, दिवे बंद केल्यावर ग्रीडला आनंदच व्हायला हवा, भीती कसली? जात्यातून एकदम मूठ काढून घेतली तर दगड उधळतो, भीती ही. अंदाज होता १२ ते १४ हजार मेगावॅट मागणी घटेल. प्रत्यक्षात घटली ३१,००० मेगावॅटच्या वर. लोकांनी दिव्यांबरोबर पंखे, टीव्ही, सगळंच बंद केलं. पण तयारी पक्की होती. कोळशाचे संच आधीच खाली आणून ठेवले होते आणि त्यांची जागा पाण्याच्या संचांना दिली होती, कारण झटकन कमी करता येणारी वीज हाताशी हवी होती. पावणेनऊला देशातली जलविद्युत २५,५५९ मेगावॅटवर होती, नऊ वाजून दहा मिनिटांनी ८,०१६ वर. पंचवीस मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅट खाली, आणि लगेच पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा वर. फ्रिक्वेन्सी ४९.७० पासून ५०.२६ पर्यंत हिंदकळली आणि स्थिरावली. मी घरात बसून मोबाइलवर तो आकडा बघत होतो. बायको गॅलरीत पणती लावून हाका मारत होती, तिला म्हटलं दहा मिनिटं थांब. त्या रात्री देशभरातल्या जलविद्युत केंद्रांतल्या ऑपरेटरांनी जे केलं, त्याला आमच्या धंद्यात तोड नाही.

उलट बाजू ३० आणि ३१ जुलै २०१२ ची. मध्य प्रदेशातल्या बिना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाइनवर भार इतका वाढला की तिच्या रिलेला तो भार नसून बिघाड आहे असं वाटलं आणि त्याने लाइन तोडली. तीस तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर ग्रीड पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तसंच, या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. साठ कोटींच्या वर लोकांचा प्रदेश अंधारात. आपला पश्चिम विभाग वाचला. आपल्याकडे तेव्हा पावसामुळे मागणी कमी आणि निर्मिती जास्त होती. ती उत्तरेकडे ओढली जात होती आणि तेच त्या लाइनला झेपलं नाही. बऱ्याच जणांना वाटतं की देशात वीज कमी पडली म्हणून अंधार झाला. वीज होती. वाट अपुरी पडली.

अंधारातून परत उठणं हे आणखी अवघड. औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या चालवायला आधी बाहेरून वीज लागते, म्हणजे वीज बनवायला वीज हवी. जलविद्युत केंद्र छोट्याशा डिझेल जनित्रावर झडपा उघडून उठू शकतं. मग तिथून एक लाइन चार्ज करायची, जवळच्या औष्णिक केंद्राला ती वीज पोहोचवायची, थोडा भार जोडायचा, आणखी एक संच घ्यायचा. आगपेटीच्या काडीने होळी पेटवण्यासारखं. म्हणून कुठल्याही राज्याच्या ब्लॅक स्टार्टच्या, म्हणजे असं अंधारातून उठण्याच्या, कागदात धरणांची नावं वरच्या ओळीला असतात.

आता तुमचा राग, सर. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात तसं तुमचं धरण उशाला आणि अंधार घराला. आधी एक दुरुस्ती. साऱ्या महाराष्ट्राला उजेड कोयनेतून जात नाही. उन्हाळ्यात राज्याची मागणी २५,००० मेगावॅटच्या पुढे जाते, कोयना त्यात फार तर दोन हजार. शिवाय त्यातली बहुतेक वीज तुमच्याकडे बनतच नाही. धरण तुमच्या तालुक्यात, पण पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून चिपळूण तालुक्यात पोफळीकडे जातं आणि डोंगराच्या पोटात टर्बाइन फिरवतं. धरणाच्या पायथ्याला आहे ते वीस-वीस मेगावॅटच्या दोन संचांचं लहान केंद्र. तरी तुमची तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण निर्मितीत नाही, तारांच्या रचनेत आहे.

वीज लांब न्यायची तर दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावा लागतो. गावाचा दहा किलोवॅट भार २३० व्होल्टने न्यायचा तर तारेतून ४३ अँपिअर वाहणार. तोच ११,००० व्होल्टने नेला तर एक अँपिअरही नाही. तारेत उष्णता होऊन जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे दाब ४८ पट केल्यावर तीच तार असेल तर तूट सुमारे २,३०० पटींनी कमी. म्हणून केंद्रातून वीज २२० किंवा ४०० केव्हीने निघते आणि मोठ्या सबस्टेशनात, मग तालुक्याच्या सबस्टेशनात उतरत उतरत ३३ आणि ११ केव्हीवर येते, शेवटी गावच्या डीपीवर ४०० व्होल्ट तीन फेज आणि घरात २३० व्होल्ट एक फेज होते. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत तर ७५२ किलोमीटर डीसीने नेतात, दोन तारांत अधिक-उणे ५०० केव्ही. घराच्या डोक्यावरून ४०० केव्हीची लाइन गेली म्हणून तिला आकडा टाकून गावाला वीज देता येत नाही. ती उतरवायला लागणारं सबस्टेशन तुमच्या अख्ख्या खोऱ्याच्या भाराला परवडणारं नाही.

वरची रचना जाळ्याची आहे. एक लाइन पडली तरी दुसऱ्या वाटेने वीज येईल, असंच नियोजन करावं लागतं. खालची रचना झाडाच्या फांदीसारखी आहे. तालुक्याच्या सबस्टेशनातून एक ११ केव्हीचा फीडर निघतो, जंगलातून, ओढ्यावरून, पंचवीस-तीस वाड्या घेत शेवटच्या डीपीला संपतो. वाटेत एक फांदी तुटली की पुढचं सगळं बंद, दुसरी वाटच नाही. नवजा-महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस. खांबावर तार ज्यावर बसवलेली असते त्या चिनीमातीच्या पिन इन्सुलेटरला केसाएवढा तडा असतो, कोरड्या दिवसांत तो दिसतही नाही आणि कळतही नाही. पहिल्या पावसात पाणी आत गेलं की फीडर उडतो. तो एक इन्सुलेटर शोधायला वायरमनला भर पावसात चिखल तुडवत खांबाखांबाने चालावं लागतं, लाइन तुकड्या-तुकड्याने तोडून कुठल्या तुकड्यात बिघाड आहे ते बघावं लागतं. दोन दिवस त्यात जातात. पावसात लाइट दोन सेकंद जाऊन परत येते ती गोष्ट वेगळी. वर कुठेतरी लाइनवर वीज कोसळते, ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा मोठा स्विच, उघडतो आणि स्वतःच पुन्हा जोडला जातो. तो बिघाड नव्हे, यंत्रणा शाबूत असल्याची खूण.

त्यामुळे मागायचं तर नेमकं मागा, सर. 'आम्हाला वीज द्या' या अर्जाचं काही होत नाही. पावसाळ्याआधी फीडरच्या कडेची झाडतोड, इन्सुलेटर बदलणं, लांब फीडरवर मध्ये दोन-तीन ठिकाणी तोडता येतील असे स्विच, आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या सबस्टेशनहून पर्यायी जोडणी. अर्जात फीडरचं नाव आणि गेल्या पावसाळ्यात तो किती दिवस बंद होता ते लिहा. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे. तारखा लिहिलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. एका तालुक्याच्या गावी, मी नवा असताना, डीपीवरचा न्यूट्रलचा जम्पर, म्हणजे जोडतार, सैल होऊन तुटला आणि एका गल्लीतले अठरा टीव्ही एका संध्याकाळी जळाले. न्यूट्रल तुटला की घरं दोन फेजच्या मध्ये सापडतात आणि ज्या घरात भार कमी त्या घरात ३०० व्होल्टच्या वर दाब चढू शकतो. एकाच वेळी काही घरांत दिवे भडक आणि शेजारी मिणमिणते दिसले तर मेन स्विच बंद करा आणि मगच फोन लावा.

सौरऊर्जेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील. दुपारी आता भरपूर वीज सूर्यावरून मिळते आणि शेतीपंप दिवसा चालवण्यासाठी स्वतंत्र सौर फीडर होत आहेत; रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्याला विचारा ते काय मोलाचं आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. सूर्य मावळतो त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात, म्हणजे तास-दोन तासांत बाकीच्या सगळ्या हातांना एकदम जोर लावावा लागतो. आणि सौर पॅनेलला फिरणारा दगड नसतो. ते जात्याला हात लावतं, पण त्याचं वजन जात्यात नसतं. त्यामुळे धक्का बसला की लय पूर्वीपेक्षा झपाट्याने घसरते. यावर बॅटऱ्या आहेत, आणि आपल्या घाटात जुना उपाय आहेच: घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. चार युनिट घालून तीनच्या आसपास परत मिळतात. तारेत वीज साठवता येत नाही हे खरंच, पाणी साठवता येतं.

शेवटी वर्गासाठी एक काम. प्लगमध्ये खोचायचा छोटा मीटर बाजारात मिळतो, व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीही दाखवणारा घ्या. तो तुम्ही स्वतः लावा, मुलांना फक्त वाचू द्या. आठवडाभर सकाळी शाळा भरताना, दुपारी एक वाजता आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेसात दर दहा मिनिटांनी आकडा लिहायला सांगा. पंख्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे संध्याकाळची पाळी द्या. आकडा ४९.९ च्या खाली गेलेला दिसला की तिला वेळ लिहून ठेवायला सांगा आणि ती वही मला पाठवा. त्या दिवशी कुठे काय झालं होतं ते मी शोधून कळवतो.